तुम्हाला माहीत होतं, आप्पा

आप्पा,

मला तुमचा राग आलाय. एकोणीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा आज नव्याने राग यावा, हे माझं मलाच विचित्र वाटतं. पण आलाय, आणि तो जात नाहीये. काश्मीरहून परत येऊन आज नववा दिवस. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, नाकावरची कातडी सोलून निघतेय, आणि सुरतेतल्या भेस्तानच्या या फ्लॅटमध्ये कॉम्प्युटर चालू ठेवून, वहीचं पान फाडून मी तुम्हाला लिहितेय. भरतकामाच्या मशिनसाठी मी साड्यांची डिझाइनं तयार करते, आमच्या धंद्यात त्याला पंचिंग म्हणतात. तुम्ही गेलात तेव्हा मी ते नुकतं शिकत होते. समोर पडद्यावर एक मोर अर्धा पडून आहे. सकाळपासून त्याचं एक पीससुद्धा भरून झालेलं नाही. साडीवाल्या पार्टीचा दोनदा फोन येऊन गेला. मी म्हटलं, तब्येत बरी नाही. तब्येत उत्तम आहे. सात दिवस पाठीवर ओझं घेऊन डोंगरातल्या सरोवरांमधून चालून आलेय मी, चौदा हजार फुटांच्या जवळपास चढून. बिघडलंय ते दुसरंच काहीतरी.

आधी तो दिवस लिहिते, कारण तुम्ही तो कधी तोंडातून काढला नाहीत. मी अठरा वर्षांची. कॉलेजच्या कॅडेट पथकातून हिमाचलातल्या गिर्यारोहणाच्या शिबिरासाठी चार मुली निवडल्या होत्या, त्यातली एक मी. तापीच्या पुलावर पाठीवर विटा घेऊन पळायला लावून त्यांनी आम्हाला निवडलं होतं. लिंबायतच्या आपल्या खोलीत तुम्ही खाटेवर बसून त्या फॉर्मवर सही केलीत, मोडीतोडी देवनागरीत, जीभ दातांमध्ये धरून. पुढच्या रविवारी बाजारातून बूट आणलेत. एक नंबर मोठे होते, म्हणून कारखान्यातल्या तुमच्या लूमवरच्या तुटक्या धाग्यांचा गुंता त्यांच्या टोकाशी कोंबून दिलात आणि म्हणालात, "चालून दाखव." मी खोलीत चालून दाखवलं. चार पावलांत खोली संपली. आई हसली, भाऊ हसला, तुम्हीही हसलात. ते हसणं खोटं नव्हतं, हे मला आजही मान्य आहे.

आणि मग स्टेशन. दिल्लीकडे जाणारी गाडी, दुपार उतरलेली, सुटायला दहा मिनिटं. आम्ही चौघी समोरासमोरच्या बाकांवर बसलेलो, पथकाच्या आमच्या मॅडम डबे उघडून ठेपले वाटत होत्या. तुम्ही फलाटावर उभे होतात, खिडकीच्या गजांना धरून. एकदम डब्यात चढून आलात. मला वाटलं निरोप द्यायला आलात, मी पाया पडायला वाकले.

"उतर खाले," तुम्ही म्हणालात.

पंचवीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यामुळे तुम्हाला हळू बोलता यायचंच नाही. अख्ख्या डब्याने ऐकलं. मी हसले, मला वाटलं थट्टा करताय. तुम्ही वाकून बाकाखालची माझी सॅक ओढलीत.

"आप्पा, गाडी सुटेल."

"उतर म्हनस ना."

मॅडम उठल्या. "काका, शुं थयुं? सही तो तमेज करी छे." सही तर तुम्हीच केलीये, म्हणत होत्या. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "घर पे मेहमान आनेवाले हैं," एवढंच म्हणालात आणि सॅक घेऊन खाली उतरलात. तुम्ही माझा हात धरला नाहीत. धरला असतात तर मी सोडवून घेतला असता. तुम्ही माझे कपडे घेऊन फलाटावर जाऊन उभे राहिलात, पाठ करून, आणि मी आपोआप मागे आले. या गोष्टीची लाज मला सव्वीस वर्षं वाटतेय. मी स्वतःच्या पायांनी उतरले. गाडी गेली. खिडकीतून एका मैत्रिणीने हात हलवला आणि मग तिला कळेना हलवावा की नाही, तसाच तो हवेत राहिला.

दुसऱ्या दिवशी भुसावळकडून येणाऱ्या पॅसेंजरने शिरपूरकडचे पाहुणे आले. आईने शेवभाजी केली, कळण्याच्या भाकरी केल्या. मला साडी नेसवून उभं केलं, चालून दाखव म्हणाले. मी चालले. पंधरा दिवसांनी निरोप आला की पोरगी फार ताठ चालते. म्हणजे ज्यांच्यासाठी मला गाडीतून उतरवलं, त्यांनाही मी नको होते. त्या दिवशी जेवताना मी विचारलं, "चार दिवस थांबवता आलं नसतं का त्यांना?" तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "डोंगर काय पाहायचे? दगडच ना ते!" आणि आईला म्हणालात, भाकर वाढ.

अकरा महिने मी तुमच्याशी बोलले नाही. मग बोलले. कारण मी स्वतःला एक गोष्ट सांगितली, आणि तीच पुढे सगळ्यांना सांगत राहिले. माझे वडील अडाणी होते. तिसरी शिकलेले, नदी आटलेल्या गावातून आलेले, बारा तासांची पाळी करणारे, कानांनी गेलेले. डोंगर म्हणजे काय, शिबिर म्हणजे काय, अठराव्या वर्षी एखादी गोष्ट हुकली तर काय हुकतं, त्यांना कुठून कळणार? गावाकडून काकांनी पाहुण्यांचा निरोप धाडला, थोरल्या भावाला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही, बिचारे गांगरले. 'बिचारे' हा शब्द तुमच्यासाठी मी फार वापरला, आप्पा. तुमच्या छातीत धागे साचले म्हणून डॉक्टरने हात वर केले आणि तुम्ही दवाखान्यात बसल्या-बसल्या झोपायला लागलात, तेव्हाही मी मनात हेच म्हणत तुम्हाला भरवायचे. वरणभात कालवून, लहान घास करून. तुम्ही माझ्याकडे बघायचात आणि तोंड उघडायचात. मी तुम्हाला माफ केलं होतं. पूर्ण.

यावर्षी माझी मुलगी कॉलेजला लागली, घरात एकदम वेळ झाला. एके दिवशी मी जेवताना नवऱ्याला सांगितलं की मी काश्मीरच्या सरोवरांच्या ट्रेकला जाणार आहे, सात दिवस, आपली सॅक आपण उचलायची असते. तो म्हणाला, "जा की." इतकं सोपं होतं ते. मी ताटावरून उठून मोरीत जाऊन रडले. सुरतेत चढ कुठला, म्हणून आमच्या मार्केटच्या सात मजल्यांचे जिने पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक घेऊन दोन महिने रोज चढले, रविवारी उड्डाणपूल. वॉचमनला वाटायचं बाईला काहीतरी झालंय. भाऊला कळलं तर तो म्हणाला, मीपण येतो. लूम सोडून आता तो रिक्षा चालवतो. साखर वाढलीये म्हणून डॉक्टरने चालायला सांगितलंय. मला आधी रागच आला. चव्वेचाळिसाव्या वर्षीही माझ्याबरोबर एक राखणदार हवाच? पण भाऊ म्हणाला, "राखायला नाही येत. मलाही पाहायचंय." मग मी त्याचंही नाव टाकलं.

तुम्हाला सांगायला हवं ते कसं आहे. मुद्दाम सांगते. सोनमर्गपासून पहिला चढ असा की तासाभरात माझ्या तोंडाला फेस आला. पट्टे खांद्यात रुतत होते, दर वीस पावलांना थांबत होते. संध्याकाळी पाऊस, ओले मोजे, तंबूत ओल्या लोकरीचा वास. दुसऱ्या दिवशी एक खिंड ओलांडली आणि उतरत उतरत विशनसर सरोवराच्या काठाशी आलो. आप्पा, ते पाणी. मी रोज रंगांत काम करते. पडद्यावर निळ्याच्या शेकडो छटा माझ्या हाताखाली असतात, साडीवाले फिरोजी, मोरपंखी, रामा म्हणतात. त्यातली एकही नव्हती. आणि कसलाच आवाज नाही. भाऊला तुमच्यासारखंच कमी ऐकू येतं. तो काठावर उभा राहून मोठ्याने म्हणाला, "इथे तर सगळ्यांना माझ्याएवढंच ऐकू येतं!" आमच्या गटातले सगळे हसले. तो चालायला माझ्यापेक्षा चांगला निघाला. वर्षानुवर्षं लूमच्या संचांमध्ये उभं राहिलेले पाय त्याचे.

तिसरा दिवस विश्रांतीचा. आम्ही दोघं वर किशनसरच्या काठी जाऊन बसलो. खालच्या कुरणात मेंढ्या, समोर उद्या चढायची खिंड, तिच्यावर बर्फाचा पट्टा. मला इतकं हलकं वाटत होतं की मी तुम्हालाही त्यात घेतलं. म्हटलं, "आप्पांना काय माहीत होतं रे हे असं असतं. बिचारे."

भाऊ खालच्या मेंढ्यांकडे बघत राहिला. मला वाटलं ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "आप्पाले सगळं माहीत होतं."

"म्हणजे?"

"तुझ्या मॅडम घरी आल्या होत्या ना, जायच्या चार दिवस आधी? फोटोंचा अल्बम घेऊन?"

मला आठवलं. आधीच्या वर्षीच्या शिबिराचे फोटो होते. बर्फ, दोऱ्या, एक तळं, तळ्याकाठी कमरेवर हात ठेवून उभी असलेली मुलगी. तुम्ही तो अल्बम दोनदा पाहिलात. मी चहा करत होते, मला वाटलं तुम्हाला आवडला.

भाऊने सांगितलं ते असं. दुसऱ्या दिवशी पाळीवर, जेवणाच्या सुट्टीत, तुम्ही डबा उघडलात आणि खाल्लं नाहीत. भाऊ तेव्हा तुमच्याच बाजूच्या संचांवर होता. तुम्ही त्याला म्हणालात, "पोर तठे गयी ते मंग या खोलीमा मावाव नही." पोरगी तिथे गेली की मग या खोलीत मावणार नाही. मग तुम्ही नाक्यावरच्या फोनबूथवर गेलात आणि गावी काकांना फोन लावलात. काकांनी कोणाला धाडलं नव्हतं. तुम्ही बोलावलंत. म्हणालात, शिरपूरचं ते स्थळ घेऊन या, अमुक दिवशीच या. काकांनी विचारलं, एवढी घाई का? तुम्ही फोन ठेवून दिलात. हे काकांनी पुढे भाऊला सांगितलं.

"मग स्टेशनपर्यंत कशाला येऊ दिलं?"

"घरी सांगायची हिंमत झाली नाही त्यांची. रोज म्हणायचे, आज सांगतो. तू सॅक भरायचीस, ते बघत बसायचे."

मी उठले आणि तंबूत येऊन पडले. जेवले नाही.

आता मला सांगा, मी काय करू तुमचं? इतकी वर्षं मी ज्याला माफ केलं तो एक अडाणी, गांगरलेला, भावाच्या शब्दाखाली दबलेला माणूस होता. तो माणूस नव्हताच. तुम्ही माझ्या मॅडमपेक्षा, माझ्यापेक्षा जास्त समजून होतात. त्या फोटोत मला बर्फ दिसला, तुम्हाला मी दिसले. कमरेवर हात ठेवून उभी असलेली, परत आल्यावर त्या खोलीतल्या कशालाच हो न म्हणणारी. इतकं नीट, इतकं लांबचं मला आजवर कोणी ओळखलं नाही. आणि ओळखून तुम्ही काय केलंत? सॅक घेऊन फलाटावर उतरलात. दगडच ना ते, म्हणालात. हे म्हणतानासुद्धा तुम्हाला माहीत होतं की ते दगड नाहीत.

चौथ्या दिवशी मी भाऊच्या पुढे चालले, चार तास, मागे वळून न बघता. त्या खिंडीची वाट नागमोडी आणि अरुंद, खाली दोन्ही सरोवरं दिसत राहतात, एकाखाली एक. रागाने माणूस चढतो हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या निम्म्या वयाच्या मुलामुलींच्या आधी मी वर पोहोचले. वर वारा असा की उभं राहू देत नव्हता. तिथे मी ओरडले. शब्द सांगते, लपवत नाही. "तू भित्रा होतास!" असं ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला अरेतुरे केलं. आमचा गाइड, तिथलाच एक पोक्त माणूस, घाबरून जवळ आला. त्याला वाटलं उंचीमुळे डोकं फिरलं. त्याने लसूण चघळायला दिला.

भाऊ वर आला तेव्हा मी त्याच्यावर तुटून पडले. "तू का नाही सांगितलंस? इतकी वर्षं?"

तो धापा टाकत सॅक उतरवून बसला. "सांगितलं असतं तर दवाखान्यात त्यांना घास भरवला असतास?"

"नसता भरवला."

"म्हणून नाही सांगितलं."

"आणि माझं काय? मला माहीत असायला नको?"

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्याचा चेहरा विसरणार नाही. "तुला निदान गाडीतून उतरवलं," तो म्हणाला. "मला कोणी गाडीत बसवलंच नव्हतं. सोळाव्या वर्षी संचावर उभं केलं. मला काय आवडतं, मी कुठे मावेन, यावर आप्पांनी एकदा तरी डबा तसाच ठेवला का?"

वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं, त्याच्याही, माझ्याही. मग आम्ही दुसऱ्या बाजूने उतरलो. खाली गडसर, काठाला बर्फ अजून लागलेला, सगळीकडे फुलं, आणि पुढे जवानांच्या चौकीत ओळखपत्रं दाखवायची होती. माझ्या कार्डावर तुमचं नाव नाही, नवऱ्याचं आहे. भाऊच्या कार्डावर तुमचं होतं. जवानाने ते मोठ्याने वाचलं. एवढ्या उंचीवर तुमचं नाव उच्चारलं जावं याचासुद्धा मला राग आला.

भाऊच्या बोलण्यामुळे माझा राग कमी व्हायला हवा होता. झाला नाही, वाढला. आता त्यात त्याचाही वाटा आलाय. तो स्वतः रागवत नाही. त्याने गंगाबलच्या काठी थंडगार पाण्यात पाय सोडले आणि मुलांसारखा ओरडला, मेंढपाळांशी मोडक्या हिंदीत गप्पा मारल्या, त्यांच्याकडची खारट चहाची कपबशी संपवली. तो रागवत नाही म्हणून दोघांचं रागावणं मलाच करावं लागतंय.

आणि सगळ्यात जास्त संताप कशाचा आहे ते ऐका. तुम्ही बरोबर होतात. मी परत आलेय आणि मावत नाहीये. फ्लॅट चांगला तीन खोल्यांचा आहे, पण सकाळी उठून मी दार उघडते आणि समोरच्या इमारतीची भिंत बघून परत लावून घेते. हा मोर, या बुट्ट्या, हा उकाडा, काही नको वाटतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी ही गत आहे. अठराव्या वर्षी काय झालं असतं? मावले नसते, हे खरंच. तर नसते मावले, आप्पा! बाहेर पडले असते. कुठेतरी पडझड झाली असती, चुकले असते, परतही आले असते कदाचित. खोली तुमची होती, मी तुमची नव्हते. तुम्हाला माझी भीती वाटली, एवढं म्हणायला काय गेलं असतं? "पोरी, तू गेलीस तर आम्हाला परकी होशील, मला भीती वाटते," असं तुम्ही त्या डब्यात ओरडून म्हटलं असतं, सगळ्यांदेखत, तर मी कदाचित तशीही उतरले असते. पण मग तो माझा निर्णय असता. पाहुण्यांचं खोटं तुम्ही माझ्या आणि तुमच्या मध्ये आणून ठेवलंत आणि ते तसंच ठेवून गेलात. शेवटच्या महिन्यात मी रोज तुमच्या समोर बसले होते. तोंडात घास होता तुमच्या, पण प्रत्येक क्षणी नव्हता.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही. भाऊलाही नाही. जाळणार वगैरे नाही, तसल्या नाटकांची मला आवड नाही. डिझाइनच्या जुन्या फायलींत खुपसून ठेवीन. तुम्हाला माफ केलं होतं ते मी परत घेतलंय, एवढी नोंद कुठेतरी असावी म्हणून लिहिलं.

एक गोष्ट राहिली, आणि ती लिहिल्याशिवाय हे पान बंद करणं बरोबर नाही. शेवटच्या मुक्कामाला, ऊन अजून डोंगरावर होतं, तेव्हा गाइडने सगळ्यांना गोल बसवलं आणि हिंदीत विचारलं, तुम्हाला डोंगरांची ओढ कोणी लावली? एकेकाने सांगितलं, कोणी मित्राचं नाव घेतलं, कोणी शाळेचं. माझी पाळी आली. भाऊ समोर बसला होता. मी काय काय म्हणू शकले असते. मी म्हणाले, "मेरे पिताजी ने. उनको पहाड़ बहुत अच्छे लगते थे." पुण्याच्या एका बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. भाऊने मान खाली घातली आणि गवत उपटत राहिला. दुसऱ्या दिवशी उतरताना त्याने विचारलं, "खोटं का बोललीस?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय? खाली बघून चाल, घसरशील."

का बोलले ते मला अजून कळलेलं नाही. पण ते खोटं बोलताना मला फार बरं वाटलं होतं, आप्पा.